खुर्च्या गोल मांडा

वृद्धाश्रमात काय बदलायचं हे ठरवणाऱ्या बैठकीत वृद्धाश्रमात राहणारं माणूस नसतं. विश्वस्त असतात, देणगीदार असतात, डॉक्टर असतात, एखादा निवृत्त अधिकारी असतो. ज्यांच्या जेवणाची, झोपेची, अंघोळीची वेळ तिथे ठरते, ते पलीकडच्या खोलीत पलंगावर बसलेले असतात. निर्णय त्यांना नंतर कळतो. साडेतीनचा चहा एक दिवस अडीचला येतो, तेव्हा कळतो.

याला व्यवस्थापन म्हणण्याची पद्धत आहे. मला हा अन्याय वाटतो. रोजचा, थोडा थोडा, आणि कुणाच्या अंगावर वळ उठत नाहीत म्हणून कुणी नोंद न घेतलेला.

तो दूर करायला फार पैसा लागत नाही. राहणाऱ्यांना आणि त्यांचं करणाऱ्यांना एकत्र बसवायचं, बोलू द्यायचं, आणि बोललेल्याचं पुढे काय झालं हे सांगायला परत यायचं. अमेरिकेतल्या सोशल वर्करांनी गेल्या चार दशकांत हे काम करून पाहिलं आहे. कुठे जमलं, कुठे फसलं, दोन्ही आपल्या कामाचं आहे.

१९८५ साली तिथल्या ‘नॅशनल सिटिझन्स कोअलिशन फॉर नर्सिंग होम रिफॉर्म’ या संघटनेने एक साधी गोष्ट केली. एल्मा होल्डर यांनी १९७५ मध्ये उभी केलेली ही संघटना. तिने १५ शहरांतल्या नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या चारशेहून अधिक माणसांना छोट्या गटांत बसवलं आणि विचारलं, चांगली देखभाल म्हणजे तुमच्या मते काय? आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की प्रसूतिगृह किंवा कोपऱ्यावरचं खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेतलं नर्सिंग होम वेगळं. उठायला, जेवायला, शौचाला ज्यांना दुसऱ्याचा हात लागतो, अशा माणसांचं ते राहण्याचं ठिकाण. बहुतेक वृद्ध, आणि पुष्कळांचा तो शेवटचा पत्ता. देशभरात अशी सुमारे १५ हजार आहेत आणि त्यांत बारा लाखांच्या आसपास माणसं राहतात.

तोवर नर्सिंग होम चांगलं की वाईट हे सरकारी तपासनीस कागदावरून ठरवत. धोरण लिहून ठेवलंय का, पदं मंजूर आहेत का, इमारत नियमात बसते का. पलंगावरच्या माणसाला प्रत्यक्षात काय मिळतं याकडे लक्ष कमी. गटांत बसलेल्या रहिवाशांनी मात्र इमारत सगळ्यात वर ठेवली नाही, औषधंही ठेवली नाहीत. त्यांनी माणसं वर ठेवली. आमचं करायला पुरेशी माणसं हवीत, आणि ती नीट बोलणारी, आमच्याविषयी काही वाटणारी हवीत. आम्हाला काही गोष्टी ठरवू द्या, हेही त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं तज्ज्ञ दर्जाची व्याख्या शोधत होते. ज्यांना ती ठाऊक होती त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या वर्षी ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या संस्थेचा नर्सिंग होमच्या दर्जावरचा अहवाल आला आणि डिसेंबर १९८७ मध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या सहीने नर्सिंग होम सुधारणेचा कायदा झाला. त्या कायद्याने आणि त्याखाली झालेल्या नियमांनी रहिवाशांना आपला गट स्थापन करण्याचा हक्क दिला. संस्थेने त्यांना बसायला खासगी जागा द्यायची. मदतीला एक कर्मचारी नेमायचा, तोही गटाला मान्य असलेला. गटाने जे मांडलं त्यावर लवकर काहीतरी करायचं, आणि काय केलं किंवा का केलं नाही हे दाखवता आलं पाहिजे. आणि त्या बैठकीला कर्मचाऱ्यांनी यायचं ते गटाने बोलावलं तरच.

हे शेवटचं कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. व्यवस्थापक दारात उभा असताना कोण बोलणार आहे? रात्री ज्या बाईने आपल्याला कुशीवर वळवायचं, तिच्यासमोर तिच्याबद्दल कोण बोलणार आहे? रहिवाशाची भीती खरी असते. तिला घाबरटपणा म्हणून उडवून लावणाऱ्यांनी एक रात्र दुसऱ्याच्या हातून बेडपॅन घेऊन काढावी. घंटा वाजवल्यावर कोणी किती वेळाने येतं, यावर ज्याची अब्रू अवलंबून आहे तो माणूस जपूनच बोलतो. एकट्याला गाठून विचारलं तर तो म्हणणार, सगळं छान आहे. दोन-चार जण एकत्र असले की एकजण अर्धं वाक्य बोलतो, दुसरा मान हलवतो, तिसरी म्हणते, माझ्याकडेही असंच होतं. तक्रार एकाची राहत नाही, सगळ्यांची होते, आणि सगळ्यांवर राग काढणं कुणालाच सोपं नसतं. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात ज्याला गटकार्य म्हणतात त्याचं बळ इथे आहे.

कार्टर कॅटलेट विल्यम्स या सोशल वर्कर बाईंचं नाव इथे घ्यायला हवं. १९८०च्या दशकात अमेरिकी नर्सिंग होममध्ये दर दहा रहिवाशांपैकी सुमारे चार जणांना बांधून ठेवलं जाई. कमरेला पट्टा, मनगटाला पट्टी, किंवा समोर अडसर लावलेली खुर्ची, जिच्यातून आपलं आपण उठता येत नाही. कारण सांगायचं सुरक्षिततेचं. मोकळे सोडले तर पडतील. विल्यम्सबाईंनी स्वीडनमधल्या संस्था पाहिल्या. तिथे असं कुणाला बांधून ठेवत नव्हते. परत आल्यावर त्यांनी हा विषय सोडला नाही. लिहिलं, बोलल्या, नर्सना आणि डॉक्टरांना एकत्र बसवलं. आज तिथे बांधून ठेवलेले रहिवासी शंभरात पाचही नसतात. १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला तीसेक जण जमले. ठिकठिकाणी वेगळ्या वाटेने नर्सिंग होम चालवू पाहणारी ती माणसं होती, आणि त्यांना एकत्र आणण्यात विल्यम्सबाई पुढे होत्या. त्यातूनच पायोनियर नेटवर्क उभं राहिलं. नर्सिंग होमची ‘संस्कृती’ बदलायची, ही भाषा तिथून पसरली.

संस्कृती हा शब्द मोठा आहे, पण या कामात तो फार लहान गोष्टींपाशी येऊन थांबतो. सकाळी मला कोण उठवतं आणि का?

या कामाची एक पद्धत, रहिवाशांच्या स्वतःच्या गटाच्या बैठकीहून वेगळी, जवळून बघण्यासारखी आहे. लाव्हरीन नॉर्टन, शिक्षणाने सोशल वर्कर, यांच्या अ‍ॅक्शन पॅक्ट या सल्लागार संस्थेने ‘लर्निंग सर्कल’ नावाची बैठक ठिकठिकाणी रुजवली. दहा-पंधरा खुर्च्या गोल मांडायच्या. मधे टेबल नको. टेबलाची एक बाजू आपोआप साहेबाची होते. खुर्च्यांवर रहिवासी, नर्स, स्वयंपाकघरातलं माणूस, सफाईवालं माणूस, एखाद्याची मुलगी, संस्थेचा संचालक, सगळे मिसळून. चालवणाऱ्याने एकच प्रश्न टाकायचा. ज्याला वाटेल त्याने सुरुवात करायची आणि तिथून क्रमाने एकेकाने बोलायचं. दुसरा बोलताना मधे तोंड घालायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, समजावायचं नाही. नको असेल तर ‘पुढे’ म्हणायची मुभा आहे. फेरी संपल्यावर त्याला पुन्हा विचारायचं. सगळ्यांचं बोलून झाल्यावरच मोकळी चर्चा.

नियम पोरकट वाटतात ना? मग आपली कुठलीही सभा आठवा. पहिली पाच मिनिटं अध्यक्ष, पुढची दहा सचिव, मग ज्याचा आवाज मोठा तो. गोल फेरीत संचालकाला आपली पाळी येईपर्यंत गप्प बसावं लागतं. स्ट्रोकनंतर जीभ जड झालेल्या आजोबांना एक वाक्य पुरं करायला दोन मिनिटं लागली तरी ती दोन मिनिटं त्यांची असतात. भांडी घासणाऱ्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलेलं असतं की तुम्हाला काय वाटतं.

आणि अशा सगळ्यांना पुष्कळ वाटत असतं. नर्सिंग होममधलं सगळ्यात जास्त काम नर्स एड करतात. अंघोळ, कपडे, भरवणं, उचलणं. केंद्राच्या नियमाप्रमाणे त्यांचं किमान प्रशिक्षण ७५ तासांचं. पगार कमी, पाठदुखी ठरलेली, नोकऱ्या सोडणाऱ्यांचं प्रमाण प्रचंड. पण कोणत्या आजी चहा गार झाल्याशिवाय पीत नाहीत, कोणते आजोबा रविवारी उदास असतात आणि का, हे त्यांनाच माहीत असतं. ही माहिती फाइलमध्ये नसते. ती त्या बाईच्या डोक्यात असते आणि ती नोकरी सोडून गेली की तिच्याबरोबर जाते. तिला गोलात खुर्ची दिली की ती माहिती सगळ्यांची होते. तिला एवढं विचारलं जात असेल तर ती टिकण्याची शक्यताही वाढते.

‘सकाळी जाग कशी येते’ हा प्रश्न गोलात टाकला तर काय होतं बघा. रहिवासी सांगतात, अंधारात दिवा लावून उठवतात, पांघरूण ओढतात. एड सांगते, मला नाश्त्याआधी डझनभर जणांना तयार करायचं असतं, म्हणून पाचला सुरुवात करते. स्वयंपाकी सांगतो, नाश्ता आठलाच, कारण ट्रे परत आल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही. नर्स सांगते, आठच्या गोळ्या जेवणाबरोबर द्यायच्या असतात. दुष्टपणा कुणाचाच नाही. प्रत्येकजण पुढच्याच्या वेळापत्रकाला बांधलेला आहे, आणि साखळीच्या टोकाला ऐंशी वर्षांचं माणूस पहाटे पाचला डोळे चोळत बसलं आहे. ही साखळी कुणा एकाला दिसत नाही. सगळे एका ठिकाणी बसले की दिसते. मग कुणीतरी म्हणतं, नाश्ता सात ते दहा ठेवला तर? अंडी आणि टोस्ट मागतील तेव्हा करून देता येतील. डॉक्टरला विचारून गोळ्यांची वेळ ‘सकाळी आठ’ऐवजी ‘उठल्यावर’ अशी लिहून घेता येईल. अनेक अमेरिकी नर्सिंग होमनी हे केलं. माणसं जाग आली की उठू लागली. पाचची घाई संपली.

अंघोळीचंही तेच. स्मृतिभ्रंश झालेली माणसं अंघोळीच्या वेळी ओरडतात, मारतात, चावतात, म्हणून ‘त्रासदायक’ असा शेरा बसतो. जोआन रेडर, अ‍ॅन लुईस बॅरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा केला. गार खोलीत, अनोळखी माणसाने, अंगावरचे सगळे कपडे काढून, चेहऱ्यावर पाण्याची धार सोडली तर कोण ओरडणार नाही? त्यांनी एडना बरोबर घेऊन एकेका माणसाचा वेगळा विचार केला. अंग टॉवेलने झाकून ठेवायचं, धुवायचा तेवढाच भाग उघडा करायचा, केस दुसऱ्या दिवशी, हवं तर पलंगावरच कोमट ओल्या टॉवेलने अंघोळ. याच गटाचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. या पद्धतीने अंघोळ घालताना मारण्या-चावण्याचे प्रसंग निम्म्यावर आले. औषध बदललं नव्हतं.

आता कुठे फसतं ते.

पहिलं म्हणजे बैठक उरकली जाते. महिन्याचा शेवटचा मंगळवार, हजेरी, केक, ‘काही तक्रार?’, ‘नाही’, सही. तपासनिसाला दाखवायला कागद तयार. ज्या सभेत बोललेल्याचं काही होत नाही ती सभा न होण्याहून वाईट, कारण माणूस एकदा धीर करून बोलतो. दुसऱ्यांदा बोलत नाही.

दुसरं, सोशल वर्करच पुरेसे नाहीत. अमेरिकी नियमाप्रमाणे १२०हून अधिक खाटा असतील तरच एक पूर्णवेळ, पात्र सोशल वर्कर नेमणं सक्तीचं. म्हणजे १२१ जणांनाही एक आणि तीनशे जणांनाही एकच चालतो. त्याहून लहान संस्थेत पूर्णवेळ पात्र माणूस नेमायची सक्ती नाही. जो असतो तो दाखल करून घेण्याचे आणि घरी पाठवण्याचे कागद, विम्याचे फोन, चिडलेले नातेवाईक यांत बुडालेला. गोलात बसून ऐकायला त्याला अर्धा तास मिळत नाही. तिथली सत्तर टक्क्यांच्या आसपास नर्सिंग होम नफ्यासाठी चालवली जातात, आणि ऐकण्याचं बिल लावता येत नाही.

तिसरं सगळ्यात मोठं. चर्चेने हात वाढत नाहीत. एका पाळीत वीस जणांना एकच एड असेल तर कितीही गोल मांडा, घंटा वाजतच राहणार. १९८५च्या रहिवाशांनी ‘पुरेशी माणसं’ हे सुरुवातीलाच सांगितलं होतं. दर रहिवाशामागे दिवसाला किमान ३.४८ तास देखभाल मिळाली पाहिजे, असा नियम करायला केंद्र सरकारला २०२४ उजाडावं लागलं, आणि २०२५ मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने तो रद्दही केला. म्हणून जे संस्थाचालक माणसं वाढवायचं टाळून ‘संवाद’ कार्यशाळा घेतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. पण एक सांगितलं पाहिजे. माणसं कमी आहेत हे अधिकाऱ्यांना आकड्यात कळतं. गटात एखादी आजी सांगते की मी बाथरूमसाठी पाऊण तास थांबले आणि मग थांबता आलं नाही, तेव्हा ते खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला लागतं. माणसं वाढवण्याचा आग्रह त्या लागण्यातूनच धरला जातो.

कोविडच्या वेळी यातलं पहिलं काय बंद झालं? १३ मार्च २०२० रोजी तिथल्या केंद्रीय यंत्रणेने भेटी, एकत्र जेवण आणि गटाचे सगळे कार्यक्रम थांबवायला सांगितले. तेव्हा संसर्ग रोखण्याचं कारण खरं होतं. पुढच्या दोन वर्षांत रहिवासी आणि कर्मचारी मिळून दोन लाखांहून अधिक माणसं गेली. पण खोल्यांची दारं महिनोन् महिने बंद राहिली, आणि ती कधी, किती उघडायची हे ठरवतानाही आतल्यांना कुणी विचारलं नाही. मरणाच्या भीतीने जगणं किती आवळून घ्यायचं, याचा निर्णय ज्यांचं मरण आणि ज्यांचं जगणं त्यांच्याशी बोलून व्हायला हवा होता.

आपल्याकडे काय आहे? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं एक कोटीहून अधिक होती. आज त्याहून खूप जास्त असणार. २००७चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांना सामावणारा निदान एक वृद्धाश्रम उभारू ‘शकेल’. सक्ती नाही. वृद्धाश्रम कसे चालवावेत याची योजना करताना त्यात वैद्यकीय देखभाल आणि करमणुकीची साधनं असावीत, असं तेच कलम म्हणतं. गोळ्या आणि करमणूक. राहणाऱ्याचं म्हणणं ऐकण्याची गोष्ट त्या कलमात नाही.

ज्याने आश्रय दिला त्याला प्रश्न विचारायचा नसतो, ही समजूत आपल्यात फार खोल आहे. ‘इथे दोन वेळचं मिळतंय, आणखी काय हवं?’ पैसे भरून राहणाऱ्यांनाही हे ऐकावं लागतं, निराधारांचं तर विचारूच नका.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका वृद्धाश्रमात मी पितृपंधरवड्यात गेलो होतो. जेवणाच्या खोलीबाहेर फळा होता. दात्याचं नाव, कोणाच्या स्मरणार्थ, पदार्थ. खीर, जिलेबी, पुरी, पुन्हा खीर. सगळे हात धुऊन पंगतीला बसले होते. दात्यांची गाडी वाटेत अडकली होती, म्हणून वाढायचं थांबलं होतं. एका आजींनी मधुमेहाची गोळी घेऊन बराच वेळ झाला होता. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी पोळीचा तुकडा मागितला तर मावशी खाली वाकून म्हणाली, “आजी, पाहुणे आले की लगेच हं.” मावशीचा आवाज प्रेमळ होता. तिला वाढायला परवानगी नव्हती. पाहुणे आले, मोबाइल आडवे झाले, लहान मुलाच्या हाताने प्रत्येकाच्या ताटात जिलेबी ठेवली गेली आणि प्रत्येकाने हात जोडले.

नंतर मी एकेकाला विचारलं, जेवण कसं असतं इथलं? छान असतं. काही कमी नाही. देव आहेत हो माणसं. दुपारी व्हरांड्यात तिघीजणी एकत्र बसल्या होत्या. त्यांच्यात जाऊन बसलो आणि काही विचारलं नाही. थोड्या वेळाने एक म्हणाली, “भाकरी खाऊन किती दिवस झाले गं?” दुसरी म्हणाली, “मला तर मेथीची भाजी आठवते.” मग मघाच्याच आजी, ज्यांनी मला ‘छान’ सांगितलं होतं, म्हणाल्या, “गोड खाऊन जीव विटला. पण ते येतात लांबून. त्यांना कसं म्हणायचं?”

या तिघींना रीतसर बैठक मिळाली असती तर? जेवण बाराला म्हणजे बाराला, दाते येवोत न येवोत. फोटो विचारून. गोड ज्याला हवं त्याला. दानाचं जेवण आठवड्यातून एकदा. बाकी दिवसांचे पैसे कवळीला, चष्म्याला, कानातल्या यंत्राला. दात्याला हे सांगितलं तर त्याला राग येईल असं संस्थाचालक गृहीत धरतात. मला वाटतं, बहुतेक दात्यांना सुटका वाटेल. त्यांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

समाजकार्याचं शिक्षण देणाऱ्या संस्था आपल्याकडे काल निघालेल्या नाहीत. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून आहे, निर्मला निकेतन १९५५ पासून, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून. गटकार्य अभ्यासक्रमात आहे, क्षेत्रकार्याला मुलं वृद्धाश्रमांत जातात. तिथे त्यांच्याकडून काय करून घेतलं जातं? अंताक्षरी, राखी बनवणं, महिला दिनाचं सूत्रसंचालन, रजिस्टर भरणं. खेळ-गाण्यांना माझा विरोध नाही; दुपार मोठी असते. पण ज्या मुलीला गट कसा चालवायचा हे शिकवलंय तिला फक्त टाळ्या वाजवायला लावणं ही उधळपट्टी आहे. प्राध्यापकांनी संस्थेशी ठरवून घ्यावं: आमची मुलं येतील, पण महिन्यातून दोनदा रहिवाशांची बैठक घेतील, आणि त्या तासाला व्यवस्थापक बाहेर थांबतील. हे मान्य नसेल तर मुलं दुसरीकडे पाठवावीत.

आणि तुम्ही, जे न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहता आणि ज्यांची आई पुण्या-नाशकातल्या एखाद्या संस्थेत आहे. दर महिन्याला तुम्ही पैसे पाठवता, व्यवस्थापकांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारता, “आई जेवते ना?” त्यांचं उत्तर अंगठ्याचं येतं. तुमच्या राहत्या देशात प्रत्येक नर्सिंग होममध्ये रहिवाशांना गट करण्याचा कायदेशीर हक्क आहे. पुढच्या निरोपात एवढं विचारा: रहिवाशांची बैठक होते का, मागच्या बैठकीत काय ठरलं, त्यातलं काय झालं? पैसे भरणाऱ्या दहा मुलांनी हे विचारलं तर पुढच्या महिन्यात बैठक होईल. नियम येईपर्यंत वाट बघायची गरज नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्यांना बैठकीत कशाला, असं विचारतात. तारीख आठवत नसलेल्या माणसालाही पाणी गार होतं की गरम हे कळतं. त्यांना गोलात बसवा. त्यांचं बोलणं भरकटेल, ऐका. कुणाच्या हातून ते घास घेतात आणि कुणाच्या हातून तोंड फिरवतात, हे मावशीला विचारा. तेही त्यांचं मत आहे.

पहिल्या बैठकीत बहुधा कुणी बोलणार नाही. पान-सुपारीसारखी चार वाक्यं होतील, मग एखादे काका म्हणतील, पंखा आवाज करतो. तो पंखा त्याच आठवड्यात दुरुस्त करा आणि पुढच्या बैठकीत सगळ्यात आधी ते सांगा. झाला नसेल तर का झाला नाही ते सांगा. दुसऱ्या खेपेला गरम पाण्याची वेळ निघेल, मग भाजी, मग टीव्हीचा रिमोट कुणाकडे असतो ते. मावशींची वेगळी बैठक घ्या, कारण त्यांनाही व्यवस्थापकासमोर बोलता येत नाही. आणि दोन-तीन महिन्यांनी, खुर्च्या उचलायच्या वेळी, कुणीतरी एक आजी रात्रपाळीच्या माणसाबद्दल काहीतरी सांगेल. हळू आवाजात, नाव न घेता. त्या वेळी व्यवस्थापक सोशल वर्करला सांगतील की रात्रपाळीला दुसरं माणूस मिळत नाही, आजींच्या डोक्यावर परिणाम झालाय, उगाच वाढवू नका. सोशल वर्करने ते वाढवायचं. लेखी द्यायचं, विश्वस्तांपर्यंत न्यायचं, गरज पडली तर पोलिसांपर्यंत, आणि चौकशी पुरी होईतो त्या मजल्यावर रात्री दुसरं माणूस ठेवायला लावायचं.